वास जावा म्हणून धुणे, आणि धुण्याने परत येणारा वास

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे आहे आणि लग्नाला ९ वर्षे झाली आहेत. गेल्या वर्षभरात चार वेळा अंगावरून पातळ, करडे-पांढरे जाऊ लागले. त्याला मासळीसारखा वास येतो आणि संबंधानंतर व पाळी संपत आल्यावर तो इतका वाढतो की चारचौघांत बसण्याचा संकोच वाटतो. खाज नाही, दुखतही नाही. पहिल्या दोन वेळी, बहिणीला गुण आला होता म्हणून, बुरशीवरची योनीत ठेवायची गोळी मी स्वतःच औषधाच्या दुकानातून आणली, पण काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या सात दिवसांसाठी दिल्या, परंतु चौथ्या दिवशी वास गेल्यामुळे मी त्या थांबवल्या. अडीच महिन्यांनी पुन्हा तेच सुरू झाले. आता मी सुगंधी द्रवाने दिवसातून दोनदा आतून धुते. माझ्याच स्वच्छतेत काही कमी आहे का? हे यजमानांकडून आले असेल का? याचा पुढे कर्करोग होतो का? आणि गोळ्या चालू असताना पाळी आली तर काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. लक्षणे तुम्ही इतक्या नेमकेपणाने लिहिली आहेत की निदानाची दिशा पत्रातूनच कळते. मात्र ज्या सवयीचा उल्लेख तुम्ही अगदी शेवटी, जणू एक उपाय म्हणून, केला आहे, तीच सवय या दुखण्याला खतपाणी घालत असावी असे मला वाटते. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. सुगंधी द्रवाने आतून धुणे आजपासून बंद करा. दिवसातून दोनदा नको, एकदाही नको, आणि सुगंधी नसलेल्या द्रवानेही नको.

याचे कारण समजून घेतले तर ही सूचना पाळणे सोपे जाईल. प्रजननक्षम वयातील निरोगी स्त्रीचा योनिमार्ग आम्लधर्मी असतो आणि त्याचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारणपणे ३.८ ते ४.५ यांच्या दरम्यान राहतो. ही आम्लता शरीराने तिथे मुद्दाम राखलेली असते. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते, त्यातून तयार होणाऱ्या शर्करेवर लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू जगतात आणि त्या बदल्यात लॅक्टिक आम्ल तयार करतात. या आम्लामुळे इतर जिवाणूंना तिथे आपले बस्तान बसवता येत नाही. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन वैद्यकाने १८९२ साली या उपयुक्त जिवाणूंचे वर्णन केले होते, म्हणजे ही माहिती वैद्यकशास्त्राला नवी नाही. तरीही 'आत जिवाणू असणे म्हणजे अस्वच्छता' ही समजूत अजून आपल्या मनातून जात नाही, आणि तिच्या जोरावर योनी 'स्वच्छ' करणारी नवनवी द्रावणे विकली जातात.

तुम्हाला झालेल्या त्रासाला, बहुधा, बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. यात लॅक्टोबॅसिलस जिवाणूंची संख्या घटते आणि एरवी अल्प प्रमाणात असलेले किंवा नव्याने आलेले गार्डनरेला, प्रिव्होटेला, मोबिलंकस यांसारखे जिवाणू कितीतरी पटींनी वाढतात. आम्लता कमी होऊन सामू ४.५ च्या वर जातो. हे जिवाणू अमाइन वर्गातील काही रसायने तयार करतात आणि मासळीसारखा वास त्यांचाच असतो. आम्लात ही रसायने विरघळून राहतात, पण भोवतालची आम्लता उतरली की ती वायुरूपाने बाहेर पडतात. वीर्य आणि पाळीचे रक्त, दोन्ही अल्कधर्मी असल्यामुळे संबंधानंतर आणि पाळीच्या सुमारास वास वाढतो. तुम्ही टिपलेली ही वेळ म्हणजे निदानातला एक महत्त्वाचा धागाच आहे. आता विचार करा : अशा वेळी आतून धुतल्याने जो वास जातो तो केवळ काही तासांपुरता, परंतु त्या धुण्याबरोबर उरलेसुरले लॅक्टोबॅसिलस आणि त्यांनी तयार केलेले आम्लही वाहून जाते, त्यामुळे वास पुन्हा येतो, मग पुन्हा धुणे होते, आणि हे चक्र चालूच राहते. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की स्वच्छता कमी पडलेली नाही, ती चुकीच्या जागी पोहोचली आहे. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. आतल्या भागाची स्वच्छता शरीर स्वतः करते आणि रोज थोडासा पांढरट, वास नसलेला स्राव जाणे हा त्याच कामाचा भाग आहे.

या आजाराच्या नावातच त्याचे एक वैशिष्ट्य दडलेले आहे. दाह असलेल्या आजारांच्या नावाच्या शेवटी 'आयटिस' येते, परंतु या विकारात लालसरपणा, सूज, आग ही दाहाची चिन्हे फारशी नसतात, म्हणून व्हजायनायटिस असे न म्हणता व्हजायनोसिस म्हटले गेले. हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९५५ साली एकाच जिवाणूला यासाठी जबाबदार धरले होते, आणि पुढे त्या जिवाणूला गार्डनर यांचेच नाव मिळाले. पण त्यांच्याच प्रयोगात, जो आजच्या नीतिनियमांत मुळीच बसला नसता, असे दिसले की केवळ तो एक जिवाणू निरोगी स्त्रियांच्या योनीत सोडल्यास बहुतेकींना काही होत नव्हते, आणि रुग्ण स्त्रीचा संपूर्ण स्राव सोडल्यास मात्र बहुतेकींना हा विकार होत होता. एकट्यादुकट्या जंतूचा हा संसर्ग नव्हे, तर सगळ्या जिवाणूवस्तीचीच घडी विस्कटलेली असते, हे त्यातून पुढे उमगत गेले.

हा त्रास आपल्या एकटीलाच आहे असेही मानू नका. जगभरातील प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २३ ते २९ टक्के स्त्रियांमध्ये हा विकार आढळतो, आणि त्यांपैकी अनेकींना कोणतेही लक्षण जाणवत नाही.

बहिणीच्या गोळीने तुम्हाला गुण का आला नाही, याकडे आता वळू. 'अंगावरून जाणे' या एकाच शब्दाखाली आपल्याकडे निदान तीन वेगळे विकार येतात. बुरशीच्या संसर्गात स्राव घट्ट, पांढरा, गुठळ्यांचा असतो, खाज असह्य असते, वास जवळजवळ नसतो आणि योनीची आम्लता सहसा टिकून असते. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गात स्राव पिवळसर-हिरवट व कधी फेसाळ असतो, वास येऊ शकतो, खाज आणि आग असते, आणि तो लैंगिक संबंधातून पसरत असल्यामुळे जोडीदारावरही उपचार करावेच लागतात. तुमचे वर्णन तिसऱ्या प्रकाराशी, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिसशी, जुळते. बुरशीवरचे औषध जिवाणूंवर चालत नाही, त्यामुळे पहिल्या दोन वेळी तुमचे पैसे आणि दिवस वाया गेले, इतकेच. तथापि हे तिन्ही विकार कधी कधी एकत्रही असतात आणि केवळ वर्णनावरून चूक होऊ शकते. म्हणून चौथ्या वेळी तरी तपासणीशिवाय औषध घेऊ नका, माझ्या या उत्तराच्या आधारेही नको.

तपासणी काही मिनिटांची असते. स्त्रीरोगतज्ज्ञ स्पेक्युलम या उपकरणाने योनिमार्ग आणि गर्भाशयाचे मुख पाहतात आणि कापसाच्या काडीने स्रावाचा नमुना घेतात. अॅम्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेल्या चार निकषांपैकी तीन जुळले तर निदान पक्के मानले जाते : स्राव पातळ व एकसारखा असणे, सामू ४.५ पेक्षा अधिक असणे, स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच तो वास उसळणे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली 'क्लू सेल' दिसणे, म्हणजे कडा पुसट होईपर्यंत जिवाणूंनी लगडलेल्या योनीच्या पेशी दिसणे. काही प्रयोगशाळा रंगवलेल्या काचपट्टीवरून ० ते १० असे गुणांकन करतात; त्यात ७ वा त्याहून अधिक गुण आले की हाच विकार समजतात. जाण्याआधी दोन दिवस योनीत कोणतेही औषध ठेवू नका, आतून धुऊ नका आणि शक्यतो पाळी चालू नसतानाची वेळ घ्या. वास येईल म्हणून संकोचून त्याच सकाळी स्वच्छ धुऊन जाणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात. त्यांचा संकोच मी समजू शकते, परंतु त्यामुळे नेमका पुरावाच धुतला जातो. आधी वापरलेल्या सर्व औषधांची रिकामी पाकिटे सोबत न्या, कारण 'एक पांढरी गोळी होती' यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही.

उपचारांबाबत सांगायचे तर रूढ पर्याय तीन आहेत : मेट्रोनिडाझोलची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सात दिवस, किंवा मेट्रोनिडाझोलचे ०.७५ टक्के जेल रोज एकदा पाच दिवस योनीत. किंवा क्लिंडामायसिनचे २ टक्के क्रीम रात्री झोपताना सात दिवस योनीत. परिणामाच्या दृष्टीने यांत फार फरक नाही, त्यामुळे निवड तुमच्या सोयीवर आणि तुम्हाला काय सोसते यावर डॉक्टर करतील. मेट्रोनिडाझोलच्या गोळीने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते आणि कधी लघवीचा रंग गडद होतो. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. औषधाच्या पाकिटावर मद्य टाळण्याची सूचना असते, ती पाळावी. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणाऱ्या स्त्रीने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण मेट्रोनिडाझोलमुळे त्याचा परिणाम वाढतो. क्लिंडामायसिनचे क्रीम तेलयुक्त असल्यामुळे ते वापरताना आणि त्यानंतर पाच दिवस निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो, ही गोष्ट सांगायची बऱ्याचदा राहून जाते.

चौथ्या दिवशी गोळ्या थांबवण्यात तुमची चूक झाली, पण ती अगदी मानवी चूक आहे. वास जाणे म्हणजे जिवाणूंची संख्या एका मर्यादेखाली येणे; ते संपले असा त्याचा अर्थ नाही. हे जिवाणू योनीच्या अस्तरावर एक चिकट थर तयार करतात, त्याला जैवपटल म्हणतात, आणि त्या थराच्या आत औषध पुरेसे पोहोचत नाही. तिथे तग धरून राहिलेले जिवाणू पुढे पुन्हा पसरतात. यामुळेच औषध संपूर्ण घेतलेल्या स्त्रियांमध्येही वर्षभरात हा त्रास पुन्हा होण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. हे वाचून निराश होऊ नका. मी हे एवढ्यासाठी सांगते की पुढच्या वेळी पूर्ण सात दिवस औषध घेऊनही दोन-चार महिन्यांनी वास आला, तर त्याचा दोष तुम्ही स्वतःला लावू नये. आणखी एक शक्यता ध्यानात असू द्या. अशा औषधांनंतर काही स्त्रियांना बुरशीचा संसर्ग होतो. तेव्हा औषध संपल्यावर खाज आणि घट्ट स्राव दिसला तर तो जुना त्रास परतला असे न समजता पुन्हा तपासून घ्यावे.

वारंवार होणाऱ्या त्रासासाठी वेगळी आखणी असते. एक प्रकार असा की आधी संपूर्ण उपचार करून नंतर मेट्रोनिडाझोलचे जेल आठवड्यातून दोनदा, काही महिने वापरायचे. तोपर्यंत त्रास आटोक्यात राहतो, परंतु ते थांबवल्यावर काही जणींना तो पुन्हा होतो. दुसऱ्या प्रकारात तोंडावाटे औषध घेतल्यावर बोरिक आम्लाच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल तीन आठवडे योनीत ठेवतात. या कॅप्सूल पोटात गेल्यास विषारी ठरतात आणि गरोदरपणात त्या वापरता येत नाहीत, म्हणून त्या मुलांच्या हाती न लागतील अशा ठिकाणी ठेवाव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय वापरायच्याच नसतात. लॅक्टोबॅसिलसचा विशिष्ट वाण योनीत सोडण्याचा प्रयोगही आशादायक ठरला आहे : २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२ आठवड्यांच्या आत त्रास परतण्याचे प्रमाण त्या वाणाने ३० टक्के, तर निष्क्रिय औषधाने ४५ टक्के दिसले. मात्र बाजारात सरसकट मिळणाऱ्या प्रोबायोटिक गोळ्यांत हाच वाण असतो असे नाही, तेव्हा जाहिरातीवर विसंबून त्यांवर खर्च करू नका.

आता यजमानांविषयी. हा प्रश्न तुम्ही एका ओळीत विचारला आहे, तरी पत्रातली खरी अस्वस्थता तिथेच आहे असे मला जाणवले. हा विकार झाला म्हणजे दोघांपैकी कोणीतरी बाहेर संबंध ठेवला, असा निष्कर्ष काढता येत नाही. परमा किंवा गरमी यांसारख्या गुप्तरोगांच्या पंक्तीत तो रूढ अर्थाने बसत नाही, आणि कधीच संबंध न आलेल्या स्त्रियांमध्येही तो, क्वचित का होईना, आढळला आहे. तरीही लैंगिक संबंधांशी त्याचा काही संबंध नाही असे म्हणणेही खरे ठरणार नाही. नवा जोडीदार किंवा अनेक जोडीदार असल्यास तो अधिक दिसतो, नियमित निरोध वापरल्यास कमी दिसतो, आणि स्त्री-स्त्री संबंधांतही तो दोघींमध्ये एकाच वेळी आढळू शकतो. या जिवाणूंची वस्ती पुरुषाच्या शिश्नावर, विशेषतः अग्रत्वचेखाली, आणि मूत्रमार्गातही राहू शकते. पुरुषाला त्याचा त्रास बहुधा होत नाही, त्यामुळे त्याला त्याचा पत्ताही नसतो.

पूर्वी जोडीदारांना केवळ तोंडावाटे गोळ्या देऊन झालेल्या चाचण्यांत स्त्रियांना फायदा दिसला नाही, म्हणून कित्येक वर्षे 'नवऱ्यावर उपचारांची गरज नाही' असेच आम्ही सांगत आलो. २०२५ साली ऑस्ट्रेलियातील एका चाचणीने हे मत बदलायला लावले. एकनिष्ठ संबंध असलेल्या १६४ जोडप्यांच्या या चाचणीत स्त्रीच्या नेहमीच्या उपचारांबरोबरच एका गटातील पुरुषांना सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि शिश्नाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिनचे क्रीम, दोन्ही दिवसातून दोनदा, दिले गेले. १२ आठवड्यांत त्रास परतण्याचे प्रमाण या गटात ३५ टक्के राहिले, तर केवळ स्त्रीवर उपचार झालेल्या गटात ते ६३ टक्के होते. तुमच्यासारख्या दीर्घकाळ एकाच जोडीदाराबरोबर असलेल्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रीने ही बाब डॉक्टरांसमोर जरूर काढावी. यजमानांशी बोलताना 'हे तुमच्यामुळे होते आहे' अशी सुरुवात केली तर बोलणे तिथेच संपेल. 'हे जिवाणू आपल्या दोघांत फिरत राहतात, म्हणून औषध दोघांनी एकाच आठवड्यात घ्यायचे आहे' असे सांगा. ते खरेही आहे आणि त्यात कोणावर ठपकाही नाही. औषध चालू असेपर्यंत दोघांनी संबंध टाळावेत.

कर्करोगाची भीती मनातून काढा. आज तुम्हाला जो त्रास आहे तो म्हणजे कर्करोगाची सुरुवात नव्हे. स्रावात रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होणे, ओटीपोटात दुखणे किंवा ताप येणे ही लक्षणे मात्र या विकाराची नव्हेत आणि त्यांपैकी एकही दिसले तर थांबू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची नियमित चाचणी तुमच्या वयात करायचीच असते. राहिली असेल तर याच भेटीत तिच्याविषयी विचारून घ्या. या विकाराकडे दुर्लक्ष करू नये याची खरी कारणे वेगळी आहेत. संरक्षक आम्लता कमी झाल्यामुळे एचआयव्हीसह इतर लैंगिक संसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि गर्भाशयावरील शस्त्रक्रियेनंतर आत जंतुसंसर्ग होण्याची शक्यताही वाढते. गरोदरपणात या विकाराचा मुदतपूर्व प्रसूतीशी संबंध आढळला आहे. म्हणून पुढे कधी दिवस राहिले आणि असाच स्राव दिसला तर डॉक्टरांना लगेच सांगा. मेट्रोनिडाझोल गरोदरपणातही दिले जाते.

प्रतिबंधाचे बाकीचे थोडक्यात सांगते. निरोधाचा नियमित वापर उपयोगी ठरतो. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये हा त्रास अधिक दिसतो. गर्भनिरोधनासाठी तांबी बसवलेली असेल तर तेही सांगा, कारण तांबीबरोबर या विकाराचे प्रमाण काहीसे वाढलेले आढळते. पण म्हणून ती स्वतःच्या निर्णयाने काढून टाकायला जाऊ नका. योनीसाठीचे सुगंधी फवारे, सुवासिक पुसण्या आणि बाथटबमधील जंतुनाशके यांचा उपयोग शून्य आहे.

राहिला पाळीचा प्रश्न. गोळ्या तोंडावाटे घेत असाल तर पाळीमुळे त्यात काहीच बदल करायचा नाही. सात दिवस पूर्ण करायचे. जेल किंवा क्रीम वापरत असताना पाळी सुरू झाली तरी ते चालू ठेवावे, फक्त त्या दिवसांत टॅम्पॉन न वापरता पॅड वापरावे, कारण टॅम्पॉन औषध शोषून घेतो. आणि पाळीच्या शेवटी थोडा वास आला तर चार दिवस वाट पाहा. त्यानंतरही तो राहिला तरच डॉक्टरांकडे जा, मात्र तेव्हाही आतून धुऊन जाऊ नका.